रक्तदाबाच्या गोळीत अशुद्धी कशी शिरली?

२०१८ मध्ये वाल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक रसायन सापडले. आले कुठून? औषध बनवताना डीएमएफ नावाचा द्रावक वापरला होता. नायट्राइटशी संबंध आल्यावर त्यातून ते तयार झाले. कारखाने द्रावक उकळून, वाफ थंड करून पुन्हा वापरतात. त्यात वावगे काही नाही. पण हे दोन्ही पदार्थ साधारण १५३ अंश सेल्सिअसलाच उकळतात, म्हणून अशुद्धी मागे न राहता द्रावकाबरोबर पुढे जाते.

धोका किती? अमेरिकेच्या एफडीएचा अंदाज असा: ३२० मिलिग्रॅमची सर्वांत मोठी मात्रा चार वर्षे रोज घेतलेल्या ८,००० जणांमागे एक जादा कर्करोग. गोळी एकाएकी बंद करून रक्तदाब चढू देणे याहून घातक. पाकिटावरचा बॅच क्रमांक औषधविक्रेत्याला दाखवा. डॉक्टरांनी बदली गोळी देईपर्यंत आहे तीच घेत राहा.