यांत्रिक युगांतील नगरवृद्धि : खेळांतील नियम व मुंबईचे आंकडे

इतिहासाभ्यासकांस खेळाचा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खेळांत शंभर वर्षांचा राज्यकारभार संगणकावर चालवावयाचा असतो, त्यांत शहरें कां वाढतात याविषयीं एक निश्चित मत गृहीत धरलेलें असतें. तें मत अस्सल पुराव्याशीं ताडून पाहणें हें संशोधकाचेंच काम होय.

१९९१ सालीं निघालेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळांतील नियम सरळ आहे. नगरानें आसपासच्या भूमींतून अन्न मिळवावें, खाऊन उरेल तें कोठारांत सांठवावें, आणि कोठार भरलें कीं वस्ती एका पायरीनें वाढावी. २०२२ सालीं निघालेला ‘व्हिक्टोरिया ३’ हा खेळ १८३६ ते १९३६ या काळाचा आहे. त्यांत धंदा, संस्कृति, धर्म व कामाचें ठिकाण यांवरून लोकांचे गट पाडले आहेत. कारखाने वाढले म्हणजे त्यांच्या मागोमाग प्रांतांतील नागरी भाग आपोआप वाढतो, व बरी राहणी जेथें असेल तिकडे लोक स्थलांतर करितात. म्हणजे येथें नगराचें मूळ कोठारांत नसून रोजगारांत आहे.

आतां मुंबई पाहूं. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं कापडगिरणीची कंपनी स्थापिली. खानेसुमारीचे आंकडे असे : १८६४ सालीं ८,१६,५६२, १८७२ सालीं ६,४४,४०५, १८९१ सालीं ८,२१,७६४, १९०१ सालीं ७,७६,००६. गिरण्यांच्या या नगरीस दोनदां ओहोटी लागलेली दिसते. दुसरीचें मुख्य कारण १८९६ पासूनची प्लेगची सांथ. पहिलीचें कारण दूरचें आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१–६५) कापसाचा भाव चढला व शहर फुगलें. युद्ध संपतांच भाव कोसळला आणि लोक पांगले. कोठाराच्या नियमानें हें उलगडत नाहीं. बाजारभाव व रोजगार यांची सांगड घालणाऱ्या नियमानें पुष्कळसें उलगडतें.

तथापि एक उणीव राहतेच. दुसऱ्या खेळांत कमावता माणूस व त्याचे आश्रित एकाच जागीं धरलेले आहेत. रत्नागिरीकडून आलेल्या गिरणी-कामगाराचें तसें नव्हतें. तो चाळींत राही, कुटुंब व शेत गांवीं असे. काम सुटलें वा सांथ आली कीं तो परत जाई. म्हणूनच मुंबईंत पुरुषांच्या मानानें स्त्रिया फार कमी भरत. या नगराचीं निम्मीं मुळें कोंकणांत होतीं, आणि एका ठिकाणचीं माणसें मोजणाऱ्या कोणत्याहि गणितास तीं दिसावयाचीं नाहींत.

तीं दिसतील अशीं साधनें आपल्याच घरांत आहेत. १८८० पासून टपालखात्यानें चालविलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या, गांवीं धाडलेलीं पत्रें, चाळीच्या भाड्याच्या पावत्या, वाण्याच्या उधारीच्या वह्या यांस आजवर कोणी दप्तर म्हटलें नाहीं. सनदा व बखरी जिवापाड जपणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, हे कागद रद्दींत घालूं नयेत. निदान तारीख, गांव व रक्कम यांची टांचणें करून ठेवावीं. राजांचीं पत्रें शोधणारे पुष्कळ आहेत. मजुराचें पत्र एकदां गेलें कीं त्याची दुसरी नक्कल कोठेंहि मिळावयाची नाहीं.