सॉरॉनला बोटं किती?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' म्हटलं की मनोऱ्याच्या टोकावर धगधगणारा, खलनायक सॉरॉनचा डोळा आठवतो. तो पीटर जॅक्सनच्या सिनेमांतला, 2001 ते 2003 मधला. मनात इतका ठसलाय की सॉरॉनला शरीरच नव्हतं, असं कादंबरी वाचलेली माणसंही बिनदिक्कत सांगतात. टॉल्किनच्या कादंबरीत डोळा आहे, पण तो सॉरॉनच्या नजरेचा, त्याच्या सैन्याच्या चिन्हाचा. सॉरॉनच्या मॉर्डोरमध्ये छळ सोसून आलेला, एकेकाळी अंगठी बाळगणारा गॉलम तर सांगतो की त्या काळ्या हाताला चारच बोटं आहेत. पाचवं इसिल्डुर या मानवी योद्ध्याने सॉरॉनच्या जादुई अंगठीसकट छाटलं होतं. ज्याची बोटं मोजता येतात, त्याला हात असणारच ना? एका पत्रात टॉल्किन सॉरॉनचं रूप माणसाचं, माणसाहून थोराड पण अवाढव्य नव्हे, असं सांगतात.

गँडाल्फ म्हणजे जादू शिकलेला म्हातारा, हाही असाच समज. तो मुळात माणूस नव्हेच. देवदूतांसारख्या 'माइआर'पैकी एक. सॉरॉन आणि मोरियाच्या खाणीतला बालरॉग राक्षसही त्यांच्यातलेच. म्हणजे गँडाल्फ आणि बालरॉगची पुलावरची ती झुंज भाऊबंदकीचीच म्हणायची! आणि अंगठी नष्ट करायला निघणारा, सिनेमात कोवळा पोरगा दिसणारा फ्रोडो पुस्तकात घर सोडतो तेव्हा 50 वर्षांचा असतो.

ही कथा दुसऱ्या महायुद्धाचं रूपक आहे, हे टॉल्किननी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वतःच खोडून काढलंय. तसं असतं तर अंगठी नष्ट न करता ती सॉरॉनविरुद्धच वापरली गेली असती, हा त्यांचा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो.

सगळ्यात मोठी गफलत शेवटाबद्दल. फ्रोडोने मन घट्ट करून अंगठी आगीत टाकली, असं अनेकांना आठवतं. टाकली नाही. ऐन कड्यावर तो ती आपली म्हणतो आणि बोटात घालतो. गॉलम ते बोटच चावून तोडतो आणि हर्षाने नाचता नाचता तोल जाऊन खाली पडतो. सिनेमात फ्रोडो पुन्हा त्याच्यावर झेपावतो. पुस्तकात तो गुडघ्यांवर कोसळलेला असतो. तिथे कुणाचाच निभाव लागला नसता, असं टॉल्किन पत्रांत लिहितात. कामी आली ती आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोने, फ्रोडोने आणि शेवटी त्याचा सोबती सॅमनेही गॉलमला जिवंत सोडण्याची दया.

युद्धानंतर गोंडोर राज्याचा शाहीर भर सभेत कवन गातो. त्यात फ्रोडोची ओळख एवढीच: नऊ बोटांचा फ्रोडो.