आगटी आणि कुकर : हिंवाळ्यांतील स्वयंपाकाचा विचार

मार्गशीर्ष सरत आला, पहांटेची थंडी अंगास झोंबूं लागली आणि शाळूच्या कणसांत दूध भरून दाणा हिरवा टपोरा झाला, म्हणजे सुपें भागांतील शेतकऱ्यास हुरड्याची आठवण कोणीं करून द्यावी लागत नाहीं. बांधाशेजारीं खड्डा खणला जातो, गोंवऱ्या रचल्या जातात आणि पाहुण्यांस निरोप जातात. त्याच सुमारास त्याच घराच्या ओट्यावर हल्लीं एक निराळें भांडें दिसूं लागलें आहे. तें विजेवर चालतें, त्याचें झांकण घट्ट बसतें, आणि त्यांत तुरीची डाळ धुराविना शिजते. एक उघड्या रानांतला विस्तव, दुसरी बंद भांड्यांतली वाफ. या दोहोंत श्रेष्ठ कोण असा वाद घालण्याची आमची इच्छा नाहीं. कोणत्या पदार्थास कोणती आंच योग्य, आणि तिच्यापायीं शेताचें, घरांतील बायकांच्या प्रकृतीचें व गांठच्या पैशाचें काय होतें, एवढ्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

सुपें हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचें पाणी खेळूं लागलें आणि बारामती-इंदापुराकडील पुष्कळ जमीन पुढें उसाखालीं गेली. परंतु सुप्याच्या बाजूची बरीच जमीन जिराईतच राहिली. अलीकडे जनाई-शिरसाई उपसा योजनेचें पाणी कांहीं गांवांस मिळूं लागलें आहे. तथापि रब्बीची ज्वारी हाच या भागाचा जुना आधार होय. अशा कोरड्या मुलखांत दाट जंगल नाहीं, म्हणून सरपणही नाहीं. बाभळीच्या फांद्या, तुरीच्या काड्या व जनावरांचें शेण यांवरच येथील चुली पिढ्यान् पिढ्या पेटत आल्या.

शेतकऱ्यानें येथेंच थोडें थांबून हिशेब करावा. शेण जाळलें म्हणजे त्यांतील नत्र धुराबरोबर हवेंत जातें आणि जमिनीचा पोत सुधारणारा सेंद्रिय अंश जळून नाहींसा होतो. मागें उरते ती राख. तींत पालाश व थोडें स्फुरद असतें, एवढेंच. हलक्या, उथळ मुरमाड जमिनीस ओल धरून ठेवण्याकरितां सेंद्रिय खताची गरज सर्वांत अधिक, आणि नेमकें अशाच जमिनीच्या मालकाच्या घरीं शेण चुलींत जातें. बाजारांतून युरियाचें पोतें आणावयाचें आणि घरचें नत्र धुराड्यावाटे सोडावयाचें, यास शहाणपण म्हणतां येणार नाहीं.

दुसरा हिशेब स्वयंपाकघरांतला. आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांचे डोळे चुलीपुढें फुंकणी धरून लाल होत असलेले आम्हीं लहानपणीं पाहिले, आणि त्यांचा सकाळचा खोकला आम्हांस वयाचाच वाटत असे. धुरांतील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोल जाऊन दमा व श्वासनलिकेचे जुनाट विकार जडवितात, हें आतां निःसंशय ठरलेलें आहे. हिंवाळ्यांत तर दारें-खिडक्या बंद असल्यामुळें धूर घरांतच कोंडतो. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरीं गॅसची टाकी पोंचली, हें मोठें काम झालें. परंतु टाकी संपून दुसरीस पैसे नसले म्हणजे चूल पुन्हां पेटते. विजेचा कुकर हा या जागीं दुसरा आधार होऊं शकतो.

आगटीची रीत

प्रथम आगटीविषयीं. हुरड्याकरितां शाळू कोंवळा हवा, पण फार कोंवळा नको. दाणा नखानें दाबला असतां पातळ दूध न निघतां मऊ, ओलसर पिठूळ गर निघाला, म्हणजे कणीस योग्य झालें असें समजावें. पेरणीपासून सुमारें तीन महिन्यांनीं ही स्थिति येते व ती थोडेच दिवस टिकते. सबब ज्यांस महिनाभर हुरडा हवा असेल त्यांनीं सबंध वावर एकदम न पेरतां आठ-आठ दिवसांच्या अंतरानें पट्टे पेरावे. मालदांडीचाही हुरडा होतो. परंतु सुरती, गूळभेंडी यांसारख्या जुन्या जातींची गोडी व दाणा सुटण्याची सोय निराळी. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें फुले उत्तरा, फुले मधुर हे वाण खास हुरड्याकरितांच दिले आहेत. कणसें त्याच दिवशीं तोडून त्याच दिवशीं खावीं. तोडल्यावर दाण्यांतील साखर कमी होत जाऊन गोडी उतरते.

आगटीचा खड्डा हात-दीड हात रुंद व वीतभर खोल पुरे. वाळलेल्या गोंवऱ्या पेटवून ज्वाळा पूर्ण बसूं द्याव्या. धूर सरून लाल निखारा व वर पांढरी राख दिसूं लागली, म्हणजे कणसें देंठासकट आंत खुपसावीं व दोन-तीन मिनिटें फिरवीत राहावीं. ज्वाळेंत धरलेलें कणीस वरून काळें व आंतून कच्चें राहतें. राखेखालच्या निखाऱ्याची आंच सर्व बाजूंनीं सारखी लागते. मग गरम कणीस गोणपाटावर अगर हातावर चोळून सुपांत पाखडलें कीं हुरडा तयार. सोबत शेंगदाण्याची अगर लसणाची चटणी, गूळ आणि दही, वर ताक. त्याच निखाऱ्यांत वांगीं, कांदे, रताळीं पुरून ठेवलीं तर सायंकाळच्या भरिताचीही सोय होते.

वर शेण जाळूं नये असें म्हणून येथें गोंवऱ्या कशा सांगतां, असें कोणी विचारील. वर्षांतून चार दिवसांच्या आगटीनें शेत ओस पडत नाहीं. तें ओस पडतें रोजच्या दोन वेळच्या चुलीनें. शिवाय आगटीस वेड्या बाभळीचें वाळलेलें लांकूडही चालतें. त्याचा निखारा जड असून पुष्कळ वेळ टिकतो. हल्लीं लोखंडी जाळीच्या शेगड्या विकत मिळतात, त्यांसही हाच कोळसा उत्तम. मात्र रंग दिलेलें लांकूड, प्लॅस्टिक अगर टायरचा तुकडा पेटवणासही वापरूं नये, आणि कण्हेरीची काडी तर जळणांत किंवा मांस ओंवण्यास कधींही घेऊं नये. ती विषारी आहे.

विस्तवाची आणखी एक जोखीम आहे. हिंवाळ्यांत माळावरील गवत वाळून कोळ झालेलें असतें. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यांत, जें १९९७ सालीं जाहीर झालें, चिंकारा हरणें याच गवतावर जगतात, आणि आपल्या गुरांचें वैरणही तेंच. आगटीभोंवतीं चार हात जागा खुरपून स्वच्छ करावी, शेजारीं पाण्याची घागर भरून ठेवावी आणि उठतांना निखारे पाणी ओतून विझवावे. नुसती माती लोटली तर आंतला निखारा रात्रीच्या वाऱ्यानें पुन्हां फुलतो.

हुरडा काढल्यानंतरची हिरवी ताटें गुरांस गोड लागतात. तीं कुट्टी करून घालावीं. परंतु कापलेल्या खोडांस जे कोंवळे फुटवे येतात, त्यांवर गुरें सोडूं नयेत. पाण्याचा ताण पडलेल्या कोंवळ्या फुटव्यांत विष सांचतें आणि जनावरास किराळ लागून तें पाहतां पाहतां दगावतें.

बंद भांड्याचें शास्त्र

कुकर ही वस्तु नवी वाटली तरी तिचें तत्त्व आपणांस अगदींच परकें नाहीं. रायगडकडील लोक थंडींत पोपटी लावतात. मडक्यांत वालाच्या शेंगा व भांबुर्डीचा पाला दाबून भरावयाचा, तोंड पाल्यानेंच बंद करून मडकें पालथें घालावयाचें आणि भोंवतीं जाळ करावयाचा. आंत पाण्याचा थेंब नसतो. शेंगांच्या व पाल्याच्या अंगच्या ओलाव्याची वाफच त्या शिजविते. उघडा विस्तव व बंद भांडें यांचा असा मेळ आपल्याच मुलखांत जुना आहे.

दाबाखालीं अन्न शिजविण्याचें भांडें डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ सालीं लंडन येथें करून दाखविलें. उघड्या भांड्यांत पाणी कितीही जाळ केला तरी उकळीच्या पलीकडे तापत नाहीं; आपल्या भागाची उंची समुद्रसपाटीपासून पांचशें-सहाशें मीटर असल्यानें येथें तें सुमारें ९८ अंशांवरच उकळतें. वाफ कोंडली कीं दाब वाढतो आणि उकळण्याचा बिंदु ११५ ते १२० अंशांपर्यंत चढतो. म्हणूनच तासाची डाळ पाव तासांत शिजते. विजेच्या कुकराचें चीनमध्यें १९९१ सालीं पेटंट झालें. त्यांत तळाशीं तापणारी चकती असते, आणि दाब व उष्णता ठरल्या मर्यादेस पोंचली कीं वीज आपोआप बंद होते. शिट्ट्या मोजीत उभें राहण्याचें कारण उरत नाहीं.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. दोन लिटर पाणी २० अंशांपासून ११५ अंशांपर्यंत तापविण्यास पाव युनिटाहून कांहींसें कमी वीज लागते. उघड्या भांड्यांतून अर्धा लिटर पाण्याची वाफ उडून गेली तर तेवढ्यानेंच जवळजवळ एक तृतीयांश युनिटाइतकी उष्णता फुकट जाते. म्हणजे अन्न शिजविण्यापेक्षां वाफ उडविण्यासच अधिक जळण पडतें. घट्ट झांकणाची बचत ती हीच, आणि ती गॅसवरील साध्या कुकरासही लागू आहे.

या भांड्यांत काय शिजवावें? तुरीचें वरण, हुलगे, मटकी, हरभरा, पावटा, कोरेगांवकडील वाघ्या घेवडा, मटणाचा रस्सा, म्हणजे ज्यांस वेळ व जळण फार लागतें तें सर्व. कडधान्यें रात्रभर भिजवावीं. घेवडा व राजमा मंद आंचेवर तासन् तास कोमट ठेवून शिजवूं नये. त्यांतील विषारी अंश चांगल्या उकळीनेंच जातो. भोगीच्या दिवशींची लेंकुरवाळी भाजीही यांत होते. मात्र हरभरा व पावटा आधीं शिजवून वांगीं, गाजरें मागून घालावीं, नाहीं तर सर्वांचा लगदा होतो. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीस तवा व मोकळी आंचच हवी. तें काम कुकराचें नव्हे. जाळीवर कोंबडी भाजावयाची असल्यास ती कुकरांत आधीं शिजवून मग निखाऱ्यावर धरावी. अशानें वरून करपलेली व आंतून कच्ची राहिलेली कोंबडी पाहुण्याच्या पानांत पडत नाहीं.

सावधगिरीचे नियम थोडे पण पक्के आहेत. डाळी व कडधान्यें भांड्याच्या निम्म्याहून अधिक भरूं नयेत. आम्हीं पहिल्या दिवशीं हौसेनें कांठोकांठ डाळ भरली, फेंस येऊन वाफेची वाट तुंबली आणि वरण ओट्यावर पसरलें, तेव्हां हा धडा शिकलों. दाब उतरून खुंटी खालीं आल्याशिवाय झांकणास हात लावूं नये. रबरी कडें व वाफेची नळी रोज धुवावी. १००० वॉटच्या भांड्यास १६ अँपियरचा तीन पायांचा जोड व पक्कें अर्थिंग अवश्य पाहिजे; मळ्यांतील वस्तीवर आंकडा टाकून हें भांडें चालविणें म्हणजे घरच्या माणसाचा जीव पणास लावणें होय. विजेचा दाब २३० वरून १८० व्होल्टपर्यंत उतरला तर हजार वॉटचें भांडें सहाशें वॉटांइतकेंच काम करितें. तेव्हां भांडें बिघडलें असें समजून दुकानदाराशीं भांडण्यापूर्वीं विजेचा दाब पाहावा.

दोन इशारे

पहिला इशारा शेगडीविषयीं. हुरडा संपल्यावर उरलेले निखारे घमेल्यांत घालून ऊब मिळावी म्हणून निजण्याच्या खोलींत नेण्याची चाल कांहीं घरीं आहे. बंद खोलींत धुमसणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा घेतो आणि निजलेला माणूस उठत नाहीं. धूर दिसत नाहीं म्हणून धोका नाहीं असें मुळींच समजूं नये. विस्तवाची जागा अंगणांत, खोलींत घोंगडी.

दुसरा इशारा कर्जाविषयीं. १२ मे १८७५ रोजीं याच सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांचा उठाव झाला, सावकारांचीं दुकानें-घरें लुटलीं गेलीं आणि कर्जाचीं खतें जाळण्यांत आलीं. त्यांतूनच पुढें १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या गांवच्या माणसानें कर्जाच्या बाबतींत दोनदां विचार करावा, हें त्यास शिकविण्याची जरूर नसावी. आज खतपत्राच्या जागीं मासिक हप्त्याचा कागद आला आहे. कुकर घ्यावा, पण कडब्याच्या अगर हुरड्याच्या हातीं आलेल्या रोख पैशांतून घ्यावा. शहरांतील मंडळी हुरडा खाण्याकरितां पैसे मोजून मळ्यांत येतात आणि महाराष्ट्र शासनानेंही २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण ठरविलें आहे. अर्धा एकर शाळू हुरड्यास राखून त्या उत्पन्नांतून घरांतील चुलीचा धूर बंद केला, तर आगटीनें कुकर आणला असें म्हणतां येईल. मात्र पाहुण्यांची गर्दी वाढली कीं भाकऱ्या थापण्याचें ओझें घरांतील बायकांवरच पडतें. त्या उत्पन्नांत त्यांचा वांटा त्यांच्या हातीं पडला पाहिजे, हेंही विसरूं नये.

एकंदरींत आमची सूचना एवढीच कीं, शेण उकिरड्यांत कुजवून शेतास द्यावें, शक्य असल्यास आधीं गोबरगॅसच्या टाकींत घालून जळणही मिळवावें व मळी खतास वापरावी. रोजचें वरण व कडधान्य बंद भांड्यांत शिजवावें. आणि उघडा विस्तव हुरड्याच्या दिवसांकरितां, आल्यागेल्याच्या आदरातिथ्याकरितां राखून ठेवावा. आगटीभोंवतीं बसल्यावर घरधनीण नेहमीं सर्वांच्या मागून जेवते. यंदा वरण कुकरावर सोंपवून तिलाही पहिल्या कणसाच्या वेळीं निखाऱ्यापाशीं बसूं द्यावें.