टॅब बिचारा काय करणार!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी लिहिताना जरा धाकधूक होतेच. चुकलं तर सांभाळून घ्या. पण विषय होस्टेलवर सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते. केज तालुक्यातलं आमचं घर जुनं, माळवदाचं. भिंती चांगल्या दीड हात रुंद. धाकटी बहीण 'नीट'ची तयारी करतेय. आतल्या खोलीत टॅबवर सराव पेपर सोडवते आणि तो मध्येच अडकतो. "ताई, नुसतं चाक फिरतंय गं!" पप्पा म्हणाले, "कापसाचे पैसे आले की नवा टॅब घेऊ." म्हटलं, पप्पा, मला दोन दिवस द्या.

आधी दोष कुठे आहे ते शोधायचं. टॅब राउटरजवळ नेऊन स्पीड मोजला. आमचा प्लॅन ४० एमबीपीएसचा. जवळ ३७ मिळाला, आतल्या खोलीत जेमतेम २! म्हणजे लाइन ठीक, टॅबही ठीक. घोटाळा मधल्या वाटेत. जवळही २ च आला असता, तर तिथेच मोबाइलवर मोजायचं. मोबाइलवरही कमी आला तर लाइन किंवा राउटर बघा; फक्त टॅबवर कमी आला तर टॅब रिस्टार्ट करा, मागे चाललेले अपडेट थांबवा.

आमचा राउटर जमिनीवर, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागे ठेवलेला. धातू रेडिओ लहरी परतवतो आणि जाड, ओलसर भिंत त्या शोषून घेते. मग राउटर माजघराच्या दाराजवळ उंच फळीवर ठेवला. दारातून लहरींना मोकळी वाट मिळाली. २ चा स्पीड १४ वर गेला.

दुसरी गोष्ट चॅनेलची. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजारची दोन्ही घरं ६ वर, आम्हीही ६ वर! राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन १ केला. संध्याकाळी २० च्या पुढे गेला. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, पण जाड भिंतीपुढे लवकर हात टेकतो. राउटर त्याच खोलीत असेल तर जरूर वापरा.

आता होस्टेलवाल्यांसाठी. वाय-फायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. कोपऱ्यातल्या खोलीतला कमजोर सिग्नलवाला हळू बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो. म्हणून रेक्टर सरांकडे तक्रार घेऊन जाण्याआधी दोन ठिकाणी स्पीड मोजा, आकडे लिहून न्या. सरांनाही नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळेल.

बहिणीने तीन तासांचा पेपर न अडकता पूर्ण केला. कापसाचे पैसे वाचले. "पण ताई," ती म्हणाली, "आता मार्क कमी पडले तर टॅबवर ढकलता येणार नाही!"