पाय काढताच बंद पडणारी पद्मिनी : स्क्रूला हात लावण्यापूर्वी

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी तयार होणे थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तरीही हौसेने जपलेली एखादी पद्मिनी परभणी, सेलू किंवा गंगाखेडच्या गॅरेजात आली, तर तक्रार बहुधा ठरलेली असते. रेस दिली की गाडी पळते, पाय काढला की बंद पडते.

अशा वेळी रेसचा स्क्रू आवळून गाडी देणे सोपे असते. पण दोष तसाच राहतो, पेट्रोल जास्त जळते आणि गाडी पुन्हा दारात येते. गिऱ्हाईक एकदाच फसते, पण कारागिराचे नाव कायमचे जाते. म्हणून तपासणी क्रमाने करावी.

पहिले काम इग्निशनचे. पॉइंट, प्लग आणि टायमिंग ठीक नसेल, तर कार्बोरेटर खोलण्यात अर्थ नाही. चोक पूर्ण उघडतो की नाही, तेही पाहावे.

दुसरे काम हवेच्या गळतीचे. कार्बोरेटरखालचे पॅकिंग फाटले किंवा थ्रॉटलचा दांडा झिजला, की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. इंजिन चालू ठेवून सांध्यांवर साबणाचे पाणी थोडे थोडे लावावे. आवाज बदलला तर गळती तिथेच. यासाठी पेट्रोल शिंपडू नये, आग लागते.

तिसरे काम स्लो जेटचे. याचे छिद्र फार बारीक असते, कणभर कचऱ्यानेही बुजते. तार घातल्यास छिद्र मोठे होते, म्हणून हवेनेच साफ करावे. फ्लोटची पातळीही याच वेळी पाहावी.

मिश्रणाचा स्क्रू सर्वांत शेवटी. इंजिन गरम असताना तो हळूहळू फिरवून चाल सर्वांत एकसारखी होते ती जागा धरावी, मग रेस कमी करावी. पीयूसीची तपासणी आयडलवरच होते. अशा जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे.

आता एक नवी अडचण आहे. पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते, टाकीतील जुना थर सोडवते आणि जुने रबर खराब करते. सुटलेला थर थेट स्लो जेटमध्ये अडकतो. त्यामुळे फिल्टर आणि रबरी नळ्या बदलण्याचा सल्ला गिऱ्हाईकाला आधीच द्यावा. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीतील पेट्रोल काढून ठेवावे.

काय सापडले आणि काय बदलले, ते बिलावर लिहून द्यावे. काढलेला भागही गिऱ्हाईकाच्या हाती ठेवावा. तपासणीची मजुरी मागताना मग संकोच वाटत नाही.