मानपुरच्या घाटासाठी सायकल जुळवताना

आग्रा-मुंबई रस्ता महू सोडून मानपुरास पोहोचला, की माळव्याचे पठार सरत येते आणि विंध्याच्या कड्यावरून निमाडाकडे उतरणारा घाट जवळ येतो. इंग्रजी अमदानीत स्वतंत्र परगणा म्हणून सरकारदफ्तरी नोंदलेल्या या गावी जुन्या-नव्या सुट्या भागांतून आपल्या ऐपतीची सायकल जुळवू पाहणाऱ्यास केवळ सपाटीचा हिशेब करून भागत नाही. स्वार व सायकल मिळून शंभर किलो वजन शंभर मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ९८,००० ज्यूल ऊर्जा वाऱ्याला आणि ब्रेकला मिळून गिळावी लागते, आणि तेवढ्या उष्णतेने पाव लिटरहून अधिक पाण्याला उकळी फुटेल.

म्हणून द्रव्याची वाटणी करताना प्रथम हे पाहावे, की कोणता भाग निकामी झाला असता स्वार तत्क्षणी रस्त्यावर आपटेल. चिमटा, हँडल, ब्रेक, रिम आणि टायर हे त्या कोटीतले. त्यांतील काटकसर मला सर्वथा अनुचित वाटते. सीट, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड ही मंडळी कुरकुरून पूर्वसूचना देतात. ती जुन्या बाजारातून घ्यावीत आणि वाचलेला पैसा ब्रेककडे वळवावा. फ्रेमही जुनी चालेल, कारण लुधियान्याच्या कारखान्यांनी दशकानुदशके घडवलेली पोलादी फ्रेम दीर्घायुषी असते. मात्र सांध्यांजवळ रंग तडकला आहे काय, नळीस पोचा आहे काय, याची खातरजमा दिवसाच्या उजेडात करावी. वाकलेला चिमटा सरळ करून किंवा तडा गेलेला वेल्डिंग करून देण्याची तयारी कोणी दाखवली, तरी तो घेऊ नये. अ‍ॅल्युमिनियमचे जुने हँडलही टाळावे, कारण पोलाद बहुधा आधी वाकून इशारा देते, तर थकलेले अ‍ॅल्युमिनियम अकस्मात तुटते.

रिमच्या बाबतीत मात्र अ‍ॅल्युमिनियमच श्रेष्ठ. पावसाळ्यात, जेव्हा हा सारा कडा धुक्यात बुडालेला असतो, तेव्हा चकचकीत पोलादी रिमवर भिजलेले रबराचे गुटके घसरत राहतात आणि ब्रेक दाबूनही चाक थांबत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर पकड पुष्कळ टिकते. उतारावर शरीराचा भार पुढे झुकत असल्यामुळे थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक उत्तम घेणे परवडत नसेल, तर चांगला तो पुढे बसवावा.

सर्वांत मोठी फसगत टायरच्या मापात होते. ‘२८’ या एकाच आकड्याखाली आपल्या परिचित काळ्या सायकलीचे ६३५ मिलिमीटर बैठकीचे, म्हणजे रिमवर टेकणाऱ्या कडेच्या त्या व्यासाचे, टायर विकले जाते आणि नव्या धाटणीचे ६२२ मिलिमीटरचेही. ‘२६’ म्हणावे तर त्यात ५९० आहे आणि ५५९ आहे. बैठक जुळत नसताना मोठे टायर लहान रिमवर सहज चढते, आणि हवा भरल्यावर किंवा पुढे भर उतारावर निसटते. त्यासाठी दुकानदाराच्या तोंडी मापावर विसंबू नये. टायरच्या कडेवर ‘४०-६३५’ अशी जोडी छापलेली असते, तिच्यातील दुसरा आकडा रिमवरील आकड्याशी पडताळावा.

चेनची परीक्षा साध्या फूटपट्टीने होते. अर्ध्या इंचाचे चोवीस सांधे नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंच भरतात. ते माप बारा इंचांहून एक-सोळांश इंच वाढले असेल, तर ती चेन फुकट मिळाली तरी महाग, कारण ती दात्यांचा नाश करते.

एवढे करून, जे भाग जवळचा मिस्त्री ओळखतो तेच निवडावेत. परदेशी घाटणीच्या दुर्मिळ बेअरिंगसाठी इंदूरपर्यंत हेलपाटे घालावे लागले, तर स्वस्ताईचा हिशेब तेथेच बिघडतो. नव्याने विणलेल्या चाकाचे आरे पहिल्या काही दिवसांत थोडे सैल पडतात. तेव्हा ते ताणून, चाकाचा आउट काढून घ्यावा, नट पुन्हा आवळावेत, आणि त्यानंतरच सायकल घाटाकडे वळवावी.