'आली' कोशात कुठे सापडते?

कॅनडात मुलांसाठी वेगळे कोश काढण्याची चाल जुनी आहे. टोरंटोच्या गेज या प्रकाशनसंस्थेने १९६२ ते १९६७ या काळात लहान, मधल्या आणि मोठ्या वर्गांसाठी पायरीपायरीने तीन इंग्रजी कोश काढले. तिथल्या मराठी घरातल्या मुलांना असा जिना नसतो. आईबाबा 'कोशात बघ' म्हणून मोकळे होतात.

'आजी बाजारातून भाज्या घेऊन आली' हे साधं वाक्य घ्या. 'आजी' लगेच सापडते. 'बाजारातून' शोधायचं तर आधी शेपूट कापायला हवं, 'भाज्या'चं 'भाजी' करायला हवं. 'घेऊन'वरून 'घेणे' एक वेळ सुचेल. पण 'आली' पाहायची तर 'येणे'पाशी जावं लागतं, आणि अख्खा 'आ' चाळला तरी ते कळणार नाही. घरात रोज मराठी ऐकणाऱ्या मुलाला हे सारं आतून ठाऊक असतं. फक्त ते कोणी बोलून दाखवलेलं नसतं. कोश शिकवायचा तो इथून. वर्णमालेचा क्रम त्यानंतर.

कोश कोणता? गंमत अशी, की कंपनी सरकारच्या साहेबांना मराठी यावी म्हणून रचलेला मोल्सवर्थचा कोश या मुलांना नेमका बसतो: शब्द मराठी, अर्थ इंग्रजी. पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची. ही दुसरी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. पण अडचण आहेच. त्यातलं लेखन जुनं, 'करणें', 'जाणें', 'नांव' असं. हे अनुच्चारित अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले. एवढं मुलांना आधीच सांगितलं, तर निम्मी चिडचिड वाचेल. शिवाय अर्थांची रांग मोठी असते. पहिलाच अर्थ उचलायची घाई मोडायला हवी. वाक्यात बसतो तोच अर्थ घ्यायचा.

जपानमध्ये केइसुके फुकाया या शिक्षकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना छापील कोश हाताळायला लावला. शोधलेला शब्द चिठ्ठीवर लिहायचा, ती त्या पानाला चिकटवायची. सुरुवात ओळखीच्या शब्दांपासून. मराठी वर्गात हे सहज जमेल: आधी 'आजी', 'भाजी', 'बाजार', हात बसला की मग 'आली', 'गेली', 'झाली'. छापील कोश नसेल, तर चिठ्ठ्या वहीत चिकटवाव्यात आणि प्रत्येकीवर दोन्ही रूपं लिहावीत, वाक्यातलं आणि कोशातलं.